माझा राग आणि त्यांचा राग

शिकून शांत झालेल्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे. जन्मजात शांत असतात त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तशी माणसं मी उभ्या आयुष्यात दोनच पाहिली आणि त्यांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं. मी म्हणते ती साठीनंतर क्लास लावून शांत झालेली. भोपाळच्या आमच्या अवधपुरीत सध्या त्यांचं पीक आलेलं आहे. आमच्या गल्लीतले एक इंजिनियर कारखान्यात तीस वर्षं लोकांच्या अंगावर ओरडले. आता सकाळी बागेत भेटले की डोळे अर्धे मिटतात, हात छातीवर ठेवतात आणि 'सब ठीक है' म्हणतात. सब ठीक असेल तर ते वरणात मीठ कमी पडलं म्हणून ताट का सरकवतात, हे त्यांच्या बायकोनं मला विचारलं होतं. मी म्हटलं, ताट सरकवताना ते शांतच असतील.

हे मी एवढ्या तोऱ्यात लिहितेय खरी, पण आठ महिने मीही त्यांच्यातलीच एक होते. डोळे अर्धे मिटायचे मलाही जमू लागलं होतं. कशासाठी गेले आणि तिथं स्वतःचं कसं हसं करून घेतलं, तेच सांगायचं आहे. पण त्याआधी बहिणीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यामुळे आहे.

माझी धाकटी बहीण बिट्टन मार्केटच्या मागे राहत होती. आमच्या घरापासून अर्धा तास, रस्ता तुंबला तर पाऊण. पाच वर्षं आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललो नव्हतो. मंडळाच्या गणपतीत ती डावीकडे बसली की मी उजवीकडे बसायची. तिची आणि माझी गाठ पडू नये म्हणून मी बिट्टन मार्केटच्या बाजारातून भाजी आणणं सोडलं आणि तिथली भाजी आता पूर्वीसारखी राहिली नाही असं सगळ्यांना सांगत सुटले. आमच्या ह्यांना तिथली मेथी फार आवडायची. पाच वर्षं बिचाऱ्यांनी आमच्या कोपऱ्यावरची कडू जुडी खाल्ली आणि कशापायी खातो आहोत हे माहीत असून एकदाही विचारलं नाही. हे पुण्याचे, गप्प बसून माणसाला दोषी ठरवण्याची कला त्यांना येते.

भांडण आईवरून झालं. आमचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर आई माझ्याकडे आली ती अकरा वर्षं राहिली. शेवटची तीन वर्षं तिला उठवून बसवावं लागे, कूस बदलून द्यावी लागे, भात कुस्करून भरवावा लागे. ते सगळं मी केलं. बहीण रविवारी यायची, आईचे पाय चेपायची, केस विंचरायची आणि संध्याकाळी जायची. आई तिचं कौतुक सोमवारपासून शनिवारपर्यंत करायची. मला काय वाटत असेल ते सांगायला नको.

मग ह्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं, नागपूरला, मुलगी तिथली म्हणून. चार दिवसांचा प्रश्न होता. आईला बहिणीकडे ठेवलं, औषधांचा कागद लिहून दिला, तो दोनदा वाचून दाखवला आणि गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला, आई गेली म्हणून. तब्येत बिघडल्याचा फोन नव्हता. एकदम गेल्याचाच.

तेराव्याला घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. पानं वाढून झाली होती. कुणीतरी म्हणालं, दोघी मुलींनी आईचं फार केलं हो. दोघी हा शब्द मला झोंबला. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर बहिणीला म्हणाले, "माझ्याकडे अकरा वर्षं जगली. तुझ्याकडे तीन दिवस नाही जगली."

ती आत स्वयंपाकघरात गेली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी मात्र जेवले. पोटभर जेवले, हे मला चांगलं आठवतं. त्यानंतर तिनं फोन केला नाही, मीही केला नाही, आणि पाच वर्षं मी घरातल्या भिंतींना ऐकवत राहिले की मी काय खोटं बोलले.

या भिंतींना ऐकवण्यापायीच माझं ब्लडप्रेशर चढलं. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाला, आंटी, ग़ुस्सा कम कीजिए. जसं काही मी तो किराणा दुकानातून मागवत होते. शेवटी शेजारीण मला कॉलनीच्या हॉलवर घेऊन गेली. तिथं मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी ध्यानाचा वर्ग भरायचा.

हा हॉल एरवी साखरपुडे आणि पोरांच्या वाढदिवसांसाठी. छताला फुटक्या फुग्यांच्या दोऱ्या लोंबत असायच्या आणि त्यांच्याखाली आम्ही चाळीसेक म्हातारे सतरंजीवर मोक्षाची वाट बघत बसायचो. निम्म्यांना मांडी घालता येत नव्हती म्हणून त्यांच्यासाठी मागे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि खुर्चीवाले सतरंजीवाल्यांपेक्षा अध्यात्मात एक पायरी खाली आहेत असं सतरंजीवाले समजत. शिकवणारे एक निवृत्त अधिकारी होते. त्यांना सगळे सरजी म्हणायचे. पांढराशुभ्र कुर्ता, आणि हिंदी इतकं शुद्ध की ऐकून कपडे इस्त्री केल्यासारखं वाटायचं. शेवटी दहा मिनिटं अनुभव सांगायची असत. तेव्हा आमचे ते इंजिनियर उठून सांगायचे की आज सव्वीस मिनिटं मन निर्विचार राहिलं, गुरुवारी चोवीसच राहिलं होतं. शिफ्टचं उत्पादन सांगावं तसं सांगायचे. एक स्थूल आंटी दर वेळी रडायच्या आणि हे आनंदाचे अश्रू आहेत असं प्रत्येकीला वेगळं सांगायच्या.

मी पहिल्याच दिवशी उठून जाणार होते. पण सरजी म्हणाले, "राग उठे तो रोकिए मत, दबाइए मत. बस देखते रहिए. जो आया है, वो जाएगा."

मी बसले. एक तर हा माणूस राग कमी करा असं म्हणत नव्हता, बघा म्हणत होता. आणि दुसरं म्हणजे त्यानं शब्द आमचा वापरला होता. ग़ुस्सा नाही, क्रोध नाही, चक्क राग. मला बरं वाटलं. शुद्ध हिंदीत राग म्हणत असणार, माझी खात्री होती, कारण हिंदी म्हणजे माझा प्रांत. छत्तीस वर्षं मी राज्य सरकारच्या कार्यालयात हिंदीत टिप्पण्या लिहिल्या. माझ्या साहेबांच्या मसुद्यातल्या चुका मी लाल शाईनं दुरुस्त करायची आणि ते मुकाट्यानं सही करायचे. आमचे हे चाळीस वर्षं भोपाळात राहून रिक्षावाल्याला अजून 'तुम कब आयेंगा' विचारतात आणि वर माझ्या मराठीला हसतात, की 'ध्यान ठेवा' नाही, 'लक्ष ठेवा' म्हणतात. त्यांनी मला भाषा शिकवू नये, असं मी त्यांना बरेचदा सांगितलं आहे.

तर मी राग बघायला लागले.

पहिल्यांदा जमला तो दुधाच्या पातेल्यावर. गॅसकडे बघा म्हणून सांगून मी कपडे वाळत घालायला गेले आणि हे बातम्या बघत बसले. दूध ओट्यावरून जमिनीवर. मी तोंड उघडलं, आणि मग सरजींचं आठवून मिटलं. उभी राहिले. कान तापले. दातांवर दात बसले. मानेत काहीतरी ताणलं गेलं आणि पोटात एक गोळा वर आला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. गोळा वर येऊन थांबला, थोडा वेळ तिथंच राहिला आणि मग खाली गेला. कान गार झाले. सगळा खेळ चार मिनिटांचा.

मला आनंद व्हायला हवा होता. मला अपमान वाटला. ज्या रागाला आमचं घर, आमचं कार्यालय, मुलांच्या शाळेतल्या बाई, नळ दुरुस्त करणारे, सगळे घाबरून असत, तो चार मिनिटांचा निघाला? बाकीचा वेळ मीच त्याला बोलून बोलून चालू ठेवत होते. 'तुम्हाला कधी काही सांगून उपयोग' म्हटलं की तो नव्यानं उठायचा, 'मीच मेलीनं मरायचं' म्हटलं की आणखी. तोंड मिटलं तर त्याला कुणी विचारत नव्हतं. साठ वर्षं मी त्याला माझा स्वभाव समजत होते, आणि तो होता येऊन जाऊन असलेला पाहुणा. एवढंच त्या हॉलमध्ये खरं होतं. ते मला सापडलं, हे मी मान्य करते, सरजींचा कुर्ता कितीही पांढरा असला तरी.

मग मी बहिणीवरचा राग काढून बसू लागले. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, आतल्या खोलीत. तेरावा आठवायचा, तिचा फोन आठवायचा, की तो यायचा. कान तापायचे. मी बघायची. तो जायचा. गेला की मी लगेच उठायची आणि चहा टाकायची. दोन-तीन महिन्यांत तो बोलावूनही येईना. मी ठरवलं की संपला. मी क्षमा केली, असंही मनाशी म्हणाले. केवढं मोठं मन माझं!

दिवाळीनंतर हे बाजारातून आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले की तुझी बहीण घर विकून कायमची मुलाकडे बंगळूरला चालली आहे, पंधरा दिवसांत. मी लाटत असलेली पोळी लाटून पूर्ण केली, तव्यावर टाकली आणि म्हणाले, जाऊ दे, मला काही वाटत नाही. आणि खरंच काही वाटलं नाही. कान गार होते. मी मनातून फार खूश झाले. हे माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले, मग बरं म्हणाले आणि बातम्या लावल्या.

त्याच शनिवारी हॉलमध्ये नवीन लोक आले होते. सरजींनी मला सांगितलं की बहनजी, तुमच्यात मोठा बदल झाला आहे, तुम्ही यांना अनुभव सांगा. मी उठले. पदर सारखा केला. आणि छत्तीस वर्षांची सगळी हिंदी पणाला लावून बोलले.

मी सांगितलं की मुझमें बचपन से बहुत राग था. घर में, दफ़्तर में, सब जानते थे. पण सगळ्यात जास्त राग माझ्या सख्ख्या बहिणीवर. एका शहरात राहतो, पण पाच वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नाही. तिच्या घराच्या रस्त्यानं जात नाही, तिथल्या बाजारातून भाजीसुद्धा घेत नाही, इतका राग. रोज बसून मी तो बघितला. आता ती हे शहर सोडून कायमची चालली आहे, आणि मला काहीही वाटत नाही. राग पूरी तरह चला गया.

मी थांबले. पुढच्या ओळीतली एक नवी बाई चष्मा पुसत होती. आमच्या नेहमीच्या रडणाऱ्या आंटींनी तर हुंदकाच दिला. त्या उठून माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, बहिणीवर इतका जीव, आणि तरी पाच वर्षं तिला भेटायला गेला नाहीत, असा त्याग मी जन्मात पाहिला नाही. इंजिनियरांनी मान डोलावली. टाळ्या वाजल्या. मला काही कळेना. भांडणाला टाळ्या? पण टाळ्या नको म्हणायची मला सवय नाही, म्हणून मी त्या घेतल्या आणि खाली बसले.

सगळे गेल्यावर सरजींनी मला थांबवलं. ते जरा बुचकळ्यात पडले होते. त्यांनी हळूच विचारलं की बहिणीशी काही झालं होतं का. मी म्हटलं, झालं होतं म्हणजे काय, सांगितलं ना, राग. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "बहनजी, राग माने आसक्ति. मोह. जिससे हम चिपके रहते हैं. आप शायद क्रोध कह रही हैं."

आठ महिने. आठ महिने तो माणूस चिकटण्याबद्दल बोलत होता आणि मी चिडण्याबद्दल ऐकत होते. चाळीस लोकांसमोर मी जाहीर केलं होतं की माझं बहिणीवर इतकं प्रेम होतं की मी तिचं तोंड पाहिलं नाही, आणि आता साधना करून करून ते प्रेम मी पूर्ण घालवलं. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या! एकालाही वाटलं नाही की ही बाई काय भयंकर बोलते आहे. उलट आंटी रडल्या. मला त्या क्षणी त्या हॉलचा, सतरंजीचा, कुर्त्याचा, सगळ्याचा असा तिटकारा आला की सरजींना नमस्कार न करता मी बाहेर पडले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. हे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत हसले. डोळे पुसत म्हणाले, लाल शाईची बाटली आण. मी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि पलंगावर बसले. दुपारचे चार वाजले असतील. राग आला, आमच्या मराठीतला. सरजींवर, आंटींवर, ह्यांच्यावर, त्या इंजिनियरच्या मान डोलावण्यावर. कान तापले, गोळा वर आला, आणि मला नको असताना, निव्वळ सवयीनं, मी तो बघितला. गेला की हो तोही. असा कसा जातो म्हणून त्याच्यावर चिडावं असं वाटलं.

एरवी राग गेला की मी उठायची. त्या दिवशी बाहेर हे हसत होते, म्हणून उठले नाही. आणि बसून राहिल्यावर मला कळलं की आठ महिन्यांत मी राग गेल्यानंतर कधी बसलेच नव्हते. चहा टाकायला पळत होते. राग गेला की त्याच्या मागे काय आहे ते दिसू लागतं, आणि ते मला बघायचं नव्हतं. आता दिसलं. ते बहिणीबद्दल नव्हतंच. माझ्याबद्दल होतं, नागपूरच्या त्या तिसऱ्या सकाळचं. सरजींचा शब्द खरा होता. मी चिडले कमी होते, चिकटले जास्त होते. पण हे सरजींना सांगून काय करायचं? ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, ते दहा दिवसांत जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहा वाजता मी बहिणीच्या दारात उभी राहिले. हे मला सोडायला आले होते, पण वर आले नाहीत. मेथी बघतो म्हणाले.

तिनं दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले. मंडळात मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, त्यामुळे तिनं केस रंगवणं बंद केल्याचंही कळलं नव्हतं. ताई, एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. खोलीभर खोकी होती, सोफा आधीच गेला होता. तिनं एका खोक्यावरची वर्तमानपत्रं उचलून मला जागा केली, पाणी दिलं आणि समोर जमिनीवर बसून पुन्हा भांडी गुंडाळायला लागली.

काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून आले होते. सुरुवात मोठेपणानं करायची, असं. माझा राग आता गेला, म्हणाले. शांतपणे म्हणाले, अगदी डोळे अर्धे मिटून म्हणाले असेन.

तिनं हातातली वाटी कागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुझा राग गेला, चांगलं झालं," ती म्हणाली. "पण तू जे बोलली होती, ते कुठं गेलं? ते तर इथंच आहे. मी रोज ऐकून राहिली ते."

मग ती बोलत राहिली. आमच्या आईच्या बोलीत, नागपूरची, जी ह्यांच्याकडे येऊन मी सोडली आणि तिनं सोडली नाही. ती म्हणाली की भाजी निवडायला बसली की ऐकू येतं. गाडी चालवताना येतं. तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा लोक भेटायला येत होते आणि तिला वाटत होतं, यांतलं कुणीतरी आता म्हणेल की हिच्याकडे माणसं जगत नाहीत. नातू झाला तर बंगळूरला जायला घाबरली, दोन महिने गेली नाही. माझे कान तापले. दहा वेळा उत्तर तोंडाशी आलं, तुला काय माहीत अकरा वर्षं म्हणजे काय, हे तर दोनदा आलं. मी ते बाहेर येऊ दिलं नाही. मी स्वतःकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. माझा त्या दिवशीचा राग मोजून चार मिनिटांचा असेल. त्यात एक वाक्य बोलले, आणि चार मिनिटांनी मी जेवायला बसले. माझा गेला म्हणून तिचाही गेला असणार, असं मी पाच वर्षं धरून चालले होते. मी किती उथळ बाई आहे हे मला तिथं, त्या खोक्यावर बसून कळलं, आणि मला माझी लाज वाटली.

ती दमली. थांबली. कागदाचा बोळा हातात तसाच होता.

"ते मी तुला नव्हते म्हणाले," मी म्हणाले. "नागपूरला मी दोन रात्री सलग झोपले. तीन वर्षांत पहिल्यांदा. तुझा फोन आला तेव्हा मी जावांबरोबर ओसरीवर चहा पीत होते आणि मनात म्हणत होते, अजून एक दिवस आहे. आई इथं जात होती आणि मी हसून राहिली होती. हे कुणाला सांगणार? म्हणून तुझ्यावर टाकलं."

'हसून राहिली' मी कित्येक वर्षांत म्हणाले नव्हते. ते आपोआप आलं.

बहिणीनं बोळा उलगडून मांडीवर सपाट केला.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला दम लागला. डॉक्टर येऊन गेला. मी तुला फोन लावून राहिली होती, तर तिनं माझा हात धरला. म्हणे, नको लावू, झोपू दे तिला. तीन वर्षं झोपली नाही ती." मग म्हणाली, "तेराव्याला सांगणार होती मी तुला. सगळे जेवले की सांगायचं ठरवलं होतं. तू आधी बोलली."

मला रडू आलं. ते जाईल हे मला माहीत होतं; आठ महिन्यांत तेवढं तरी पक्कं शिकले होते. पण ते लवकर जावं असं वाटत नव्हतं. बहीण पाणी आणायला उठली नाही, पुरे आता म्हणाली नाही. खोकं बाजूला सारून माझ्याजवळ सरकली आणि तशीच बसून राहिली.